सिंधूला खरं बोलू द्यायचं असेल तर: हौशी मंडळींसाठी संगीत नाटकाचा शेवट बदलण्याची रीत

हौशी मंडळानं जुनं संगीत नाटक बसवायला घेतलं की पहिल्या-दुसऱ्या वाचनालाच कुणीतरी विचारतं, "हा शेवट आजच्या प्रेक्षकाला कसा पटायचा?" प्रश्न रास्त असतो, उत्तर मात्र घाईत दिलं जातं. कुणीतरी शेवटची चार पानं घरी नेतं, रात्रीत नवी लिहून आणतं, आणि आठवडाभराच्या तालमीनंतर लक्षात येतं की बाकीचं नाटक त्या नव्या पानांकडे जायला तयारच नाही.

पहिल्यांदाच असं काही करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण एकच घेतो, राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चं. ते हौशी रंगमंचावर अजून होतं, त्यातली पदं जुन्या प्रेक्षकांना तोंडपाठ असतात आणि शेवटावरून तालमीत हमखास भांडण होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. हुशार वकील सुधाकर दारूच्या आहारी जातो, मध्ये एकदा सोडतो, पुन्हा घेतो. त्याची बायको सिंधू दुसऱ्यांची दळणं दळून घर चालवते. नशेत सुधाकरच्या हातून मूल मरतं, सिंधू जबर जखमी होते. पोलीस चौकशीला येतात तेव्हा ती सांगते की मी पडले. मग तिचा प्राण जातो आणि सुधाकर विष घेतो. गंधर्व नाटक मंडळीनं फेब्रुवारी १९१९मध्ये बडोद्याला पहिला प्रयोग केला, त्याच्या महिनाभर आधी, २३ जानेवारीला, गडकरी वारले होते. तालमीत बसून शेवटावरून हात फिरवायची संधी खुद्द लेखकालाच मिळाली नाही. पण म्हणून ती आपल्याला आपोआप मिळते असं समजू नका.

१. का बदलायचं, ते एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा, तोंडी नको. "नवऱ्याला वाचवण्यासाठी बायको खोटं बोलते, याला आमच्या प्रयोगानं टाळी द्यावी असं वाटत नाही" हे कारण झालं. "शेवट फार रडका आहे" हे कारण नव्हे, ती तक्रार आहे. "प्रयोग अडीच तासांत बसवायचाय" हेही कारण आहे, पण त्याला काटछाट लागते, शेवट बदलावा लागत नाही. "जत्रेच्या रात्री देवळासमोर मरण नको" हे कारण कोकणात आणि गोव्यात खरोखर येतं. तिथं माझं मत असं की शेवट न बदलता नाटक बदला. 'संशयकल्लोळ' करा, 'सौभद्र' करा, सगळेच सुखी.

वाक्य लिहून झालं की मंडळातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. दोघांची कारणं दोन निघाली तर संहितेला हात लावायच्या आधी ते भांडण मिटवा. शेवट लिहिताना ते मिटत नाही.

२. नाटक कुणाचं आहे?

इथं थोडं रेंगाळतो, कारण नवी मंडळी नेमकी इथंच डोळे मिटून पुढे जातात.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायची. गोविंद बल्लाळ देवल १९१६ला गेले, गडकरी १९१९ला, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ला. या तिघांचं लेखन आता मोकळं आहे.

पण संगीत नाटकात गद्य एकाचं, पदं दुसऱ्याची आणि चाली तिसऱ्याच्या असू शकतात. 'एकच प्याला'ची पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. गुर्जर वारले १९६२ला, म्हणजे गडकऱ्यांचं गद्य कधीच मोकळं झालं होतं तरी पदांवरचा हक्क २०२२च्या अखेरीपर्यंत होता. अलीकडची नाटकं तर अजून बरीच वर्षं मोकळी होणार नाहीत. 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं १९६७मध्ये. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर १९९९ला गेले, संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ला. हिशेब करा, २०६० उजाडतं. तिथं शेवटाचं एक वाक्य बदलायचं तरी वारसांची लेखी परवानगी हवी.

"आम्ही तिकीट लावत नाही, मग आम्हाला कोण विचारतो?" हे नेहमी ऐकू येतं, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे: प्रेक्षक फुकट येत असतील किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल, तर तो हक्कभंग धरला जात नाही. शाळा-कॉलेजांनी आपले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता केलेला प्रयोगही असाच सुटतो. मात्र ही सूट प्रयोग करण्याला आहे. कृती बदलून तिचं रूपांतर करणं हा वेगळा हक्क आहे आणि तो लेखकाकडेच राहतो. शिवाय कलम ५७ आहे. आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड झाली तर लेखक हरकत घेऊ शकतो, मग त्यानं हक्क विकलेले असोत वा नसोत.

परवानगी मागताना "शेवटात किरकोळ बदल" असं लिहू नका. बदललेली पानंच जोडा, आधीची आणि नंतरची, समोरासमोर. वारसांपैकी बरेच जण चांगले वाचक असतात. कधी नकार येतो, कधी तुमच्याहून बरी सूचना येते.

परदेशातल्या मराठी घरांतली मुलं शाळेत इंग्रजी म्युझिकल करतात तेव्हा गोष्ट आणखी कडक असते. तिथले परवाने देणाऱ्या कंपन्यांच्या करारातच असतं की लेखी संमतीशिवाय शब्द, गाणं, क्रम काहीही बदलायचं नाही. कधीकधी हक्कदारच छोटी आवृत्ती काढतात. 'इन्टू द वूड्स'च्या मुलांसाठीच्या अधिकृत आवृत्तीत फक्त पहिला अंक आहे. पहिल्या अंकाअखेर सगळ्यांच्या इच्छा पूर्ण झालेल्या असतात, म्हणजे मूळ नाटकाचा काळोखा उत्तरार्ध सोडून गोड शेवट आयताच मिळतो. अशी आवृत्ती निघालीय का, हे आधी बघावं.

३. सेन्सॉर

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. जुन्या नाटकाचं प्रमाणपत्र हाताशी असलं तरी ते त्या जुन्या संहितेचं असतं. शेवट बदलला की बदललेली संहिता पाठवा. स्पर्धेत उतरणार असाल तर त्या स्पर्धेचं नियमपत्रक वाचा आणि बदलाबद्दल आयोजकांना लिहून विचारा. अर्ज वेळेत करा, एवढंच.

४. आधी शब्द न बदलता करून बघा

माझा आग्रह असा की पहिली तालीम मूळ शब्दांवरच करावी. शेवट फक्त उच्चारलेल्या वाक्यांत नसतो. ते वाक्य ऐकून कोण कुठं बघतं, यातही तो असतो.

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर थिएटरनं २०१८मध्ये 'माय फेअर लेडी' केलं. मूळ शेवटी एलायझा परत येते आणि प्रोफेसर हिगिन्स तिला आपल्या सपाता कुठं आहेत म्हणून विचारतो. दिग्दर्शक बार्टलेट शेर यांनी ते वाक्य तसंच ठेवलं. एलायझा त्याच्या गालाला हात लावते आणि प्रेक्षकांमधून चालत निघून जाते. संवाद तोच, नाटक दुसरं.

आता सिंधूचा जबाब घ्या. फौजदार विचारतो, ती सांगते, मी पडले. बहुतेक प्रयोगांत इथं सगळा उजेड सिंधूवर असतो आणि बाकीचे माना खाली घालून उभे असतात, म्हणजे रंगमंच तिच्या खोट्याला नमस्कार करतो. त्याऐवजी असं करून बघा. सुधाकरनं मारलेली काठी विंगेत नेऊ नका, मध्यभागी पडू द्या. फौजदार वही उघडतो. सिंधू बोलते. तो पेन्सिल टेकवतो, लिहीत नाही. वाकून काठी उचलतो, तिचं टोक निरखतो आणि सुधाकरकडे पाहतो. सुधाकरला नजर उचलता येत नाही. मग फौजदार हळूच वही मिटतो. या सगळ्याला फार वेळ लागत नाही आणि नवा शब्द एकही नाही. सिंधू खोटंच बोलली, पण ते कुणीच खरं मानलं नाही आणि तरी सगळे गप्प बसले, हे प्रेक्षकापर्यंत पोचतं. पुष्कळ मंडळांना एवढ्यावरच हवा तो शेवट सापडतो आणि पुढच्या पायऱ्या चढाव्याच लागत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे जे नाटकात आहेच त्यावर उजेड टाकणं. भगीरथ दारू सोडतो आणि सोडलेली टिकवतो. सुधाकरचा दारूतला सोबती तळीराम, त्याची बायको गीता फटकळ आहे, सिंधू जे गिळते ते ती बोलून दाखवते. वेळ वाचवायला हौशी प्रयोगांत नेमके यांचेच प्रवेश कापतात आणि मग तक्रार करतात की नाटकात आशेला जागा नाही! कापलेले प्रवेश परत आणा. शेवटच्या प्रवेशात गीतेला उंबरठ्याशी नुसतं उभं केलं तरी सिंधूच्या जबाबाला साक्षीदार मिळतो.

५. शब्द बदलायचेच असतील, तर मागे जा

समजा मंडळानं ठरवलं: सिंधू खरं सांगेल. तर शेवटचं पान बाजूला ठेवा आणि पहिल्या अंकापासून पेन्सिल घेऊन बसा. हे खरं बोलणं कुठं पेरलंय आणि कुठं अडतंय, ते खुणा करत जा.

सगळ्यात मोठी अडचण येते 'कशी या त्यजू पदाला'पाशी. भाऊ माहेरी न्यायला आलाय आणि सिंधू नवऱ्याला सोडायला तयार नाही. मूळ शेवटाचं वचन या पदातच दिलेलं आहे. ते भक्तिभावानं गायलं गेलं आणि शेवटी तीच बाई नवऱ्याविरुद्ध जबाब देऊ लागली, तर प्रेक्षकाला वाटतं मध्येच नटी बदलली. पद कापावं म्हणाल, तर अर्धं थिएटर तेवढ्यासाठीच आलेलं असतं. मग पद ठेवा आणि गाण्याची नजर बदला. सुधाकरच्या पायांकडे बघत गाण्याऐवजी तिला पाळण्याशी बसवा. शेवटच्या आवर्तनाआधी तिनं मुलाकडे पाहावं आणि मग धृपदावर यावं. ती राहते मुलासाठी, नवऱ्यासाठी राहतेय असं भावाला सांगत. पुढं मूलच गेलं की तिचं राहण्याचं कारण गेलं आणि खरं बोलायला कारण मिळालं. आता तिचा जबाब आभाळातून पडल्यासारखा वाटणार नाही.

पुढचा प्रश्न सुधाकरचा. मूळात तिचं खोटं ऐकून त्याला जगणं असह्य होतं, म्हणून विष. तिनं खरं सांगितलं तर तेच विष पश्चात्तापाचं न राहता तुरुंग चुकवण्याचं होतं. तुम्हाला ते चालणार आहे का? नसेल तर फौजदारानं त्याला न्यायला हवं आणि विषाचा प्याला नाटकातून जायला हवा. तो गेला की नाटकाचं नाव ज्यावर येऊन थांबतं तो क्षणही गेला. भरलेला प्याला रंगमंचावर तसाच राहिला आणि कुणी त्याला हात लावला नाही, असं काहीतरी शोधावं लागेल. एक धागा ओढला की तीन सुटतात ते असे.

आणि ज्यांना सुधाकर सुधारून सगळे जगलेले बघायचे आहेत त्यांना एवढंच सांगतो: तो या नाटकात एकदा दारू सोडून पुन्हा पडलेला आहे. प्रेक्षकानं ते पाहिलंय. तीच शपथ दुसऱ्यांदा घेतली तर त्यावर शेजारच्या खुर्चीतली आजीसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

६. नवी वाक्यं कमीत कमी, आणि मूळ घराण्यातली

गडकऱ्यांचं गद्य लांब, अनुप्रासांनी नटलेलं. त्यात "मला हे मान्य नाही" असं सपाट आजचं वाक्य आलं की कानाला खडा लागतो. शक्यतो लिहूच नका. आधीच्या अंकात कापलेलं एखादं वाक्य शेवटी आणता येतं का ते बघा. लिहावंच लागलं तर लहान लिहा. मरणाऱ्या बाईला अलंकार सुचत नाहीत, ही सबब तुमच्या बाजूची आहे.

पद लिहायचं झालं तर मात्र मोजून लिहा. जुन्या नाटकांत साकी, दिंडी, कामदा ही घरगुती वृत्तं भरपूर आहेत आणि नवख्याला त्यांतली साकी सोपी: १६ मात्रा, यती म्हणजे थांबा, मग १२. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ही ओळ बघा:

खरे सांगते आज एकदा, काठी त्यांची होती
कुशीत निजले बाळ थंड हे, विझल्या दोन्ही ज्योती

बोटांवर मोजा. 'खरे सांगते' आठ, 'आज एकदा' आठ, पुढं सहा गुरू म्हणजे बारा. दुसरी ओळही तशीच बसते. आता 'एकदा'च्या जागी 'शेवटचं' घालून बघा. मात्रा पाचाच्या जागी सहा होतात, म्हणजे गाणारीला एक मात्रा गिळावी लागते. मात्रा जुळल्या तरी काम संपत नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आ किंवा ई सारखा मोकळा दीर्घ स्वर येतोय का, हे गाऊनच ठरतं. लिहिणाऱ्यानं पेटीवाल्याशेजारी बसावं.

हे पद सिंधूनं गावं का? मी तिला गाऊ देणार नाही. तिनं एक वाक्य बोलावं आणि साकी गीतेला द्यावी. जखमी बाईनं तान घेतली की हल्ली प्रेक्षागृहात चुळबूळ सुरू होते.

७. साथीदारांना पहिल्या दिवसापासून बसवा

पद एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेलं की पट्टी बदलते. ऑर्गनवाला निभावून नेतो, तबल्याचं तसं नाही. दुसऱ्या पट्टीचा तबला आधीच लावून शेजारी ठेवावा लागतो, नाहीतर ऐन मरणाच्या प्रवेशात हातोडीची ठकठक ऐकू येते.

भैरवीची जागा जपा. भैरवी झाली की आपला प्रेक्षक चपला शोधायला लागतो, ही सवय पिढ्यांची आहे. तुमचा नवा प्रवेश भैरवीतल्या पदानंतर येत असेल तर तो निम्म्या रिकाम्या खुर्च्यांसमोर होईल. पद पुढं सरकवा किंवा राग बदला.

'वन्स मोअर'चंही ठरवून टाका. शेवटच्या अंकात घ्यायचा नाही असं ठरलं तर ते ऑर्गनवाल्यालाही सांगा. पद संपल्यावर त्यानं सूर धरून ठेवला की प्रेक्षक तो होकारच समजतात.

८. तालीम

बदललेल्या संहितेची एकच प्रत खरी माना, तिच्यावर तारीख घाला आणि जुन्या प्रती गोळा करा. प्रॉम्प्टरच्या हातात जुनी प्रत राहिली तर भर प्रयोगात नटी नवं बोलते, विंगेतून जुनं ऐकू येतं. प्रकाशयोजना आणि पडदा सांभाळणाऱ्यांना शेवटचे इशारे नव्यानं लिहून द्या.

ज्यांनी हे नाटक पूर्वी केलंय त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. त्यांच्या अंगात जुना शेवट मुरलेला असतो, आवाज आपोआप रडका होतो. आणि काही नट परस्पर शेवट बदलतात. हा रोग जुना आहे: 'माय फेअर लेडी' ज्यावरून झालं त्या बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'च्या १९१४च्या लंडनच्या प्रयोगांत हिगिन्स झालेला बीअरबोम ट्री शेवटी एलायझाकडे फुलं फेकायचा, प्रेम जमलं असं सुचवायला. शॉ इतका भडकला की १९१६च्या पुस्तकात त्यानं एक लांबलचक टिपण जोडून तिचं लग्न दुसऱ्याशीच लावून दिलं.

रंगीत तालमीआधी शेवटचा अंक चार बाहेरच्या लोकांना दाखवा. दोघं नाटक पाठ असलेले, दोघं अजिबात न पाहिलेले. "आवडलं का?" असं विचारू नका, "काय झालं ते सांगा" म्हणा. न पाहिलेल्यांना सिंधू का बोलली हे सांगता आलं नाही, तर पाचवी पायरी पुन्हा.

९. सांगून करा

जाहिरातीत, निमंत्रणात आणि पडद्याआधीच्या निवेदनात सरळ लिहा: "मूळ नाटक: राम गणेश गडकरी. पदे: वि. सी. गुर्जर. शेवटच्या अंकातील बदल: मंडळाचे." कोणत्या प्रवेशात बदल आहे हेही सांगा, काय बदललंय ते सांगू नका. जुना प्रेक्षक मग रागावण्याऐवजी वाट बघत बसतो. प्रयोगानंतर भेटायला येणाऱ्यांत एक जण असा असतोच, ज्यानं लहानपणी एखाद्या थोर नटाची सिंधू पाहिलेली असते. त्याचं ऐकून घ्या, चहा पाजा, वाद घालू नका.

चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर तो आत्ताच बोला. हौशी मंडळाची सूट फुकट प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगापुरती आहे, इंटरनेटवर टाकण्याला ती पुरत नाही. नाटक, पदं आणि चाली सगळंच मोकळं असेल तर अडचण नाही. पण नांदीआधी किंवा मध्यंतरात कुणाची ध्वनिमुद्रिका वाजवली असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो. तेवढा भाग कापूनच चित्रफीत चढवा.